कॉम्प्युटर म्हणतो, तुमच्या हृदयाचं वय ६७!

गेल्या महिन्यात एक गृहस्थ पत्नीला घेऊन माझ्याकडे आले. वय ५४, बँकेत नोकरी. छातीत दुखत नाही, तीन मजले चढून घरी जातात, दम लागत नाही. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना एक 'हार्ट चेकअप पॅकेज' घेऊन दिलं होतं. फाइलच्या पहिल्या पानावर लालभडक हृदयाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'तुमच्या हृदयाचं वय ६७ वर्षं. येत्या १० वर्षांत हार्ट अटॅकचा धोका २३ टक्के.' त्याच पानाच्या तळाशी अँजिओग्राफीवर सवलत, तीही फक्त महिनाअखेरपर्यंत.

चार रात्री त्यांना झोप नव्हती. म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगा, माझ्या हातात किती वर्षं आहेत?"

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून हा लेख. कॉम्प्युटरच्या मदतीने हृदयरोगाचा अंदाज बांधणं हे शास्त्र खरं आहे. कित्येक संशोधकांनी आयुष्यं घालून ते उभं केलं आहे आणि मी स्वतः ते वापरतो. गरज नसलेल्या माणसाला अँजिओग्राफीच्या टेबलापासून दूर ठेवणं हे या शास्त्राचं फार मोठं काम, आणि त्याला चांगला पुरावाही आहे. माझ्या टेबलावर येणारे रिपोर्ट मात्र उलटं काम करताना दिसतात. माणसाला घाबरवून त्या टेबलाकडे ढकलतात.

२३ टक्के म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, ईसीजी लिहून ठेवायचं, आणि कोणाला अटॅक आला, कोण गेलं याची नोंद करायची. बीपी वाढलं तर अटॅकचा धोका वाढतो हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे, पण ते पक्कं कळलं ते अशा नोंदींमधून. पुढे त्यातून गणिती सूत्रं बनली. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, डायबेटिस हे आकडे घातले की १० वर्षांचा धोका बाहेर पडतो. आजचे बरेचसे कॅल्क्युलेटर याच घराण्यातले आहेत, मग त्यांच्यावर 'एआय'चं लेबल असो वा नसो.

२३ टक्के याचा अर्थ एवढाच, की तुमच्यासारखे आकडे असलेले १०० जण घेतले तर १० वर्षांत त्यातल्या २३ जणांना त्रास होईल, ७७ जणांना होणार नाही. तुम्ही त्या २३ मधले की ७७ मधले, हे कॉम्प्युटरला माहीत नाही. तो तुमची पत्रिका मांडत नाही, तुमच्यासारख्यांची मोजदाद सांगतो. 'हृदयाचं वय' हाही वेगळा शोध नव्हे. ज्या माणसाचे बीपी, कोलेस्टेरॉल वगैरे सगळं उत्तम आहे, त्याला एवढाच धोका कितव्या वर्षी असेल, ते वय तिथे छापलेलं असतं. तुमच्या हृदयात डोकावून कोणी वय मोजलेलं नसतं.

मग या आकड्याचा उपयोग काय? औषधाचा हिशेब करायला. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेऊन एलडीएल साधारण ४० ने उतरलं, तर धोका सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो. म्हणजे २३ टक्के धोका असलेल्या १०० जणांनी ती गोळी वर्षानुवर्षं घेतली तर ढोबळमानाने पाच जणांचा अटॅक टळेल. धोका ४ टक्के असेल तर १०० जणांत जेमतेम एकाचा. पाच जणांसाठी १०० जणांनी गोळी घ्यावी की नाही यावर डॉक्टर आणि रुग्ण शांतपणे बोलू शकतात. आकडा आहे तो त्या बोलण्यासाठी. त्या आकड्यावरून, छातीत कधीही न दुखलेल्या माणसाला थेट अँजिओग्राफी सांगावी, असं म्हणणारी एकही मान्यवर मार्गदर्शिका मी वाचलेली नाही.

आता आमच्या गृहस्थांची गंमत ऐका. पॅकेजमध्ये त्यांचं बीपी एकदाच मोजलं होतं, उपाशीपोटी, धावतपळत रिक्षातून उतरल्यावर: १६२. फॉर्मवर 'धूम्रपान' पुढे 'हो' अशी खूण होती. सिगारेट त्यांनी नऊ वर्षांपूर्वी सोडली आहे. मी त्यांना आठवडाभर घरी बीपी मोजायला सांगितलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसल्यावर. सरासरी आली १३४. हे दोन आकडे दुरुस्त करून तेच गणित पुन्हा मांडलं, तर २३ चे ११ झाले. मनुष्य तोच आणि हृदयही तेच. चार रात्रींची झोप एका घाईच्या बीपीने आणि एका चुकीच्या खुणेने खाल्ली.

(११ म्हणजेही शून्य नव्हे. आम्ही त्यावर बोललो आणि त्यांनी गोळी सुरू केली.)

मिश्रीचा रकाना कुठे आहे?

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे. कॉम्प्युटर शिकला कोणावर? फ्रेमिंगहॅमचे ते पहिले लोक जवळजवळ सगळे गोरे होते. २०१३ मध्ये अमेरिकेने नवी समीकरणं आणली, त्यात दोनच प्रकारची माणसं होती, गोरी आणि आफ्रिकन-अमेरिकन. २०२३ ची 'प्रिव्हेंट' समीकरणं वंश विचारत नाहीत, पण तीही अमेरिकेतल्याच नोंदींवर बेतलेली आहेत. ब्रिटनला ही अडचण आधी जाणवली. २००८ मध्ये तिथल्या नाइस या सरकारी संस्थेने डॉक्टरांना सांगितलं, की दक्षिण आशियाई पुरुष असेल तर फ्रेमिंगहॅमच्या आकड्याला १.४ ने गुणा! म्हणजे शर्ट मापाचा नाही, तर बाह्या वाढवून घ्या. पुढे त्यांच्या 'क्यूरिस्क'मध्ये भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगळे गट आले. पण ते भारतीय लेस्टरमधले किंवा लंडनमधले. लातूरच्या माणसाचं जेवण, काम, उपचाराची सोय यांचा त्यात कुठे पत्ता आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाचे २१ विभाग करून तक्ते काढले, त्यात दक्षिण आशिया स्वतंत्र आहे. परिपूर्ण तेही नाहीत, पण मी ते वापरतो.

हा वाद पुस्तकी नाही. २००४ मध्ये ५२ देशांतला इंटरहार्ट हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या आकडेवारीतून पुढे दिसलं, की दक्षिण आशियात पहिला अटॅक मध्यमानाने ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र सुमारे ५९ व्या. या कॅल्क्युलेटरांत सर्वांत जास्त वजन असतं वयाला. म्हणून ३६ वर्षांचा पोरगा, दिवसाला दहा सिगारेटी, शुगर वाढलेली, वडिलांना ४८ व्या वर्षी अटॅक आलेला, अशाच्याही रिपोर्टवर कधीकधी हिरवा रंग येतो. '१० वर्षांतला धोका कमी.' तो हिरवा रंग बघून बाहेर जाऊन सिगारेट पेटवतो. ५४ वर्षांच्या निर्व्यसनी माणसाची झोप उडवणारं आणि या पोराला निर्धास्त करणारं यंत्र एकच आहे.

आणि तंबाखू? बहुतेक कॅल्क्युलेटर विचारतात, 'तुम्ही धूम्रपान करता का?' खिशात चुन्याची डबी असलेला माणूस खरं उत्तर देतो, 'नाही.' इंटरहार्टच्याच २००६ च्या विश्लेषणात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही अटॅकचा धोका दुपटीहून अधिक दिसला होता. पण तसा रकानाच नाही, तर कॉम्प्युटर बिचारा काय करणार!

त्या दिवशी गृहस्थांच्या शेजारी त्यांच्या पत्नी गप्प बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "ताई, तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं?" म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय! बाळंतपणात बघितलं असेल." मुलगा २५ वर्षांचा आहे. मिश्री? "सकाळ-संध्याकाळ, लग्नाच्या आधीपासून." बीपी निघालं १७२/१०४. मी त्यांना दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी फरक नाही. पुढच्या आठवड्यातही तेवढंच. त्या घरात खरा धोका कोणाला होता ते आता तुम्हीच बघा. पॅकेज मात्र नवऱ्याच्या नावाचं होतं.

तुम्ही विचाराल, मग आपण आपलं सूत्र का बनवत नाही? त्याचं उत्तर आम्हा डॉक्टरांना लाजवणारं आहे. सूत्र बनवायला गोष्टीचा शेवट माहीत असावा लागतो: कोण गेलं आणि कशाने गेलं. आपल्या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्याच मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं असतं. आणि त्या दाखल्यांवरही आम्ही काय लिहितो? 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', हृदय आणि श्वास बंद पडला. अहो, मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय आणि श्वास बंद पडलेलाच असतो! हे कारण नव्हे, हे फक्त मृत्यूचं वर्णन. असे कागद वाचून कोणता एआय शहाणा होणार आहे? जी रुग्णालयं पॅकेजच्या जाहिरातीत 'भारतीयांसाठी बनवलेला एआय' म्हणतात, त्यांना एवढंच विचारा, की तुमच्याकडे तपासून गेलेली माणसं दहा वर्षांनी जिवंत आहेत की नाहीत, हे तुम्ही किती जणांच्या घरी फोन करून विचारलंत?

रक्तवाहिनीतलं रक्त कॉम्प्युटरमध्ये

आतापर्यंत मोजदादीबद्दल बोललो. सिम्युलेशन म्हणजे त्यापुढची गोष्ट. यात तुमच्यासारख्यांची नव्हे, खुद्द तुमच्या हृदयाची नक्कल कॉम्प्युटरमध्ये बनवतात. कल्पना नवी नाही. १९६० मध्ये डेनिस नोबल या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाने हृदयाच्या एका पेशीची विजेची लय समीकरणांनी मांडून दाखवली. लंडन विद्यापीठाच्या फेरांटी मर्क्युरी कॉम्प्युटरवर त्याला वेळ मिळायची रात्री दोन ते चार.

आज प्रत्यक्ष रुग्णांसाठी जे वापरलं जातं ते समजायला आपली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. पाइपमध्ये एके ठिकाणी गाळ साचून तो अर्धा बुजला आहे. दुपारी तुम्हाला काही कळत नाही, नळाला पाणी येतं. सकाळी सात वाजता सगळ्यांचे नळ उघडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. अँजिओग्राफीत दिसतो तो गाळ. 'ब्लॉकेज ६० टक्के.' धार बारीक होते का, हे त्यात दिसत नाही. ते मोजण्यासाठी निको पाइल्स आणि बर्नार्ड डी ब्राउन यांनी १९९० च्या दशकात एफएफआर ही पद्धत रुळवली. रक्तवाहिनीत दाब मोजणारी बारीक तार घालायची, औषध देऊन सगळे 'नळ' उघडायचे, आणि ब्लॉकेजच्या पुढचा दाब मागच्या दाबाच्या किती आहे ते बघायचं. ०.८० किंवा त्याखाली असेल तर अडथळा खरा. त्याच्या वर असेल तर डोळ्यांना कितीही भयानक दिसो, रक्त पुरेसं जातंय.

२००९ च्या फेम या अभ्यासात १,००५ रुग्ण होते. निम्म्यांना डोळ्यांच्या अंदाजाने स्टेंट घातले, निम्म्यांना असा दाब मोजून. दाब मोजलेल्यांना स्टेंट कमी लागले: माणशी सरासरी २.७ ऐवजी १.९. आणि वर्षभरात मृत्यू, अटॅक किंवा पुन्हा करावं लागणारं ऑपरेशन हेही त्यांच्यात कमी, १८.३ ऐवजी १३.२ टक्के. म्हणून जे डॉक्टर म्हणतात "आमच्या अनुभवी डोळ्यांना कळतं", त्यांच्या बाजूने मी अजिबात नाही. डोळा फसतो, माझाही.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या चार्ल्स टेलर यांनी यापुढचं पाऊल टाकलं. तार न घालता, नुसत्या सीटी स्कॅनवरून रक्तवाहिन्यांचा त्रिमितीय आकार काढायचा आणि द्रवपदार्थांच्या वहनाची नेव्हियर-स्टोक्स समीकरणं सोडवून कॉम्प्युटरनेच दाब सांगायचा. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याला मान्यता दिली. २०१५ च्या प्लॅटफॉर्म अभ्यासात, ज्यांची अँजिओग्राफी ठरलेलीच होती अशा रुग्णांना आधी ही तपासणी उपलब्ध करून दिली. त्यातल्या ६१ टक्के लोकांची अँजिओग्राफी रद्द झाली. हा आकडा पुन्हा वाचा, आणि मग ते सवलतीचं कूपन आठवा.

याला मर्यादाही आहेत. सगळे नळ उघडल्यावर बारीक रक्तवाहिन्या किती सैल पडतील, हे कॉम्प्युटर तुमच्यात मोजत नाही, सरासरी धरून चालतो. जुन्या डायबेटिसने त्या बारीक वाहिन्या बिघडलेल्या असतील तर ते गृहीतक डळमळू शकतं. नाडी जलद असताना काढलेला सीटी, फार कॅल्शियम, आधी घातलेला स्टेंट, यात चित्रच गढूळ असतं. उत्तर ०.८० च्या अगदी आसपास आलं तर मी त्यावर एकट्यावर विसंबत नाही. आणि ब्रिटनमधल्या २०२१ च्या फोरकास्ट अभ्यासात १,४०० रुग्णांमध्ये या पद्धतीने अँजिओग्राफी कमी झाल्या खऱ्या, पण एकूण खर्च काही उतरला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ही समीकरणं एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: आज या ठिकाणी रक्त अडतंय का? 'अटॅक येईल का?' हा प्रश्न निराळा आहे. अटॅक बहुधा येतो तो चरबीचा थर फाटून त्यावर गुठळी बसल्याने, आणि तो थर आधी फारसा अडथळा न करणाराही असू शकतो. म्हणूनच २०२० च्या इस्केमिया अभ्यासात, ज्यात ५,१७९ रुग्ण होते आणि भारतातलेही होते, रक्तपुरवठा कमी असल्याचं सिद्ध होऊनही, सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचे मृत्यू आणि अटॅक केवळ औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र ज्यांना होतं त्यांचं जास्त कमी झालं. (डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा, हृदयाचं पंपिंग फार कमी, किंवा नुकताच आलेला अटॅक, असे रुग्ण त्यात नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा.) तेव्हा "सिम्युलेशनमध्ये लाल आलंय, स्टेंट नाही घातला तर कधीही काही होऊ शकतं" असं कोणी म्हणालं, तर त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग कॉम्प्युटरचा आहे आणि दुसरा बोलणाऱ्याचा. स्टेंटची किंमत २०१७ मध्ये सरकारने बांधून दिली. भीतीची किंमत अजून कोणी बांधलेली नाही.

जॉन्स हॉपकिन्सच्या नतालिया ट्रायानोव्हा यांचं कामही सांगायला हवं, कारण ते मला मनापासून आवडतं. अटॅकनंतर हृदयात राहिलेला व्रण एमआरआयवरून मोजून त्या आभासी हृदय बनवतात, त्याला निरनिराळ्या जागी विजेचा धक्का देऊन बघतात, लय बिघडते का. उद्देश हा, की आयसीडी नावाचं शॉक देणारं महागडं यंत्र खरंच कोणाच्या छातीत बसवायला हवं ते ठरावं. २०१६ चा त्यांचा निबंध ४१ रुग्णांचा होता, आणि तोही झाल्या गोष्टी मागे वळून तपासणारा. ४१! तो छापताना त्यांनी ही मर्यादा लपवली नाही. आपल्याकडच्या माहितीपत्रकात मात्र अशी बातमी 'आता मृत्यूही आधी कळणार' होऊन येते.

"डॉक्टर, तुम्ही नव्या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात," असं एका तरुण सहकाऱ्याने मला ऐकवलं. बाबा रे, मी विरोधात असतो तर डोळ्यांचा अंदाज पुरेसा आहे म्हणालो असतो. मला हवंय ते एवढंच, की रिपोर्टवर आकड्याशेजारी लिहा: हे गणित कोणत्या देशातल्या लोकांवरून काढलं, बीपी किती वेळा मोजलं, तंबाखू विचारला का, आणि उत्तर लाल आलं काय किंवा हिरवं आलं काय, उपचारात नेमका काय बदल होणार. उपचार बदलणारच नसेल, तर ती तपासणी कशासाठी केली? लॅबवाल्यांनी हे लिहिलं नाही, तर तुम्ही विचारा. उत्तर द्यायला डॉक्टर चिडले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, त्यात माझ्याकडून जाणंही आलं.

माझ्याकडे असा रिपोर्ट घेऊन येणार असाल, तर सोबत आठवडाभर घरी मोजलेलं बीपी लिहून आणा, सकाळ-संध्याकाळचं. आई-वडिलांना कोणत्या वयात काय झालं ते विचारून या. आणि घरातल्या बाईमाणसांनाही घेऊन या, पॅकेज कोणाच्याही नावाचं असो.

हे सगळं ज्यांना आत्ता त्रास नाही त्यांच्यासाठी आहे. छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम सुटला असेल, हात किंवा जबडा दुखत असेल, तर कोणताही कॅल्क्युलेटर उघडू नका. ॲसिडिटी समजून सोडा पिऊन पडून राहू नका, स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघेल अशा जवळच्या दवाखान्यात लगेच पोचा. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, तेवढा आग्रह तिथे जरूर धरा.